भविष्याचा भुगा

(दृश्य: टेबलावर पारदर्शक पिशवीत ठेवलेलं एक जुनं मासिक. कॅमेरा हळूहळू मुखपृष्ठाकडे सरकतो.)

ऑगस्ट १९२८. ‘अमेझिंग स्टोरीज’ या अमेरिकन मासिकाचा अंक. मुखपृष्ठावर लाल पोशाखातला एक माणूस हवेत तरंगतोय. पहिल्यांदा बघणाऱ्याला चित्रमालिकांतला प्रसिद्ध अंतराळवीर आठवतो आणि तो हमखास म्हणतो, “अरे, हा तर बक रॉजर्स!”

नाही. बक रॉजर्स आतल्या पानांत आहे आणि तिथे त्याचं नाव अँथनी आहे. त्याचा ‘बक’ झाला जानेवारी १९२९मध्ये, वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत. मुखपृष्ठावर जो उडतोय तो रिचर्ड सीटन. ई. ई. स्मिथ यांच्या ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ या कादंबरीचा नायक. ती क्रमशः सुरू झाली ती याच अंकापासून. एकाच अंकात दोन एवढे मोठे जन्म झाल्यामुळे जुनी मासिकं जमवणारे या अंकासाठी जीव टाकतात. आणि त्यातले काही जण अजूनही चुकीच्या माणसाच्या चित्रासाठी पैसे मोजतात.

पण आज आपण गोष्टींपेक्षा कागदाकडे जास्त बघणार आहोत. कारण या छंदात खरी झुंज कागदाशीच आहे.

(दृश्य: एप्रिल १९२६च्या अंकाचं मुखपृष्ठ. आकाशात शनी, खाली बर्फावर घसरणारी माणसं.)

‘अमेझिंग’ हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं इंग्रजीतलं पहिलं मासिक. पहिला अंक एप्रिल १९२६चा, किंमत २५ सेंट. काढणारे ह्यूगो गर्न्सबॅक. लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेला, रेडिओचे सुटे भाग विकता विकता मासिकांच्या धंद्यात शिरलेला हा गृहस्थ. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं ‘सायंटिफिक्शन’. उच्चारताना जीभ अडखळते. ते फार दिवस टिकलं नाही, हे बरंच झालं.

पहिल्या अंकातली एकही कथा नवी नव्हती. व्हर्न, वेल्स, पो यांच्या जुन्या कथा, आणि आणखी तीन आधी छापून आलेल्या. पानं शंभरच्या आत, म्हणून कागद मुद्दाम जाड वापरला. अंक हातात घेतला की पैसे वसूल वाटले पाहिजेत! मुखपृष्ठाचे चित्रकार फ्रँक पॉल. त्यांची यंत्रं बघावीत. प्रत्येक खिळा, प्रत्येक नळी जागच्या जागी. माणसं मात्र सगळी लाकडी.

आणि संपादनाचं रोजचं काम कुणाकडे? टी. ओ’कॉनर स्लोन यांच्याकडे. वय सत्तरीच्या पुढे, लांब पांढरी दाढी, थॉमस एडिसनचे व्याही. माणूस अंतराळात कधी जाऊ शकेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. पुढे १९२९मध्ये गर्न्सबॅक यांची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ‘अमेझिंग’ची सगळी सूत्रं याच आजोबांच्या हाती आली.

(दृश्य: न कापलेल्या, खरबरीत कडा. बोटाच्या स्पर्शाने एक कोपरा तुटतो.)

आता कागद. या मासिकांना ‘पल्प’ म्हणतात, म्हणजे लगदा. लाकूड दगडावर घासून केलेला, सगळ्यात स्वस्त. चांगल्या कागदासाठी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा पदार्थ, काढून टाकतात. इथे ते तसंच राहायचं. ऊन आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं, मग तपकिरी. त्यात शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी लावलेली. तुरटीमुळे आम्ल तयार होतं आणि ते आम्ल कागदाचे तंतू आतूनच तोडत जातं. कसर लागली तर औषध घालता येईल. इथे पोखरणारा कागदाच्या पोटातच बसलेला आहे.

गंमत अशी की मुखपृष्ठ गुळगुळीत, चांगल्या कागदाचं. म्हणून वरून अंक कालच स्टॉलवर आल्यासारखा लालभडक, निळाजर्द. उघडला की आत चहात बुडवून काढल्यासारखी पानं, आणि व्हॅनिलासारखा मंद गोडसर वास. तो वास कागद मरत असल्याचा. संग्राहकांना तो फार आवडतो.

अंक टिकवण्याची पथ्यं साधी आहेत. अंधार, गारवा, कोरडी हवा. आम्ल नसलेला पुठ्ठा मागे, पॉलिएस्टरची पिशवी वर. साध्या प्लॅस्टिकची पिशवी घेऊ नये आणि चिकटपट्टी तर अजिबात लावू नये. पिना गंजतात, त्यांचे डाग पसरतात. आणि विकणाऱ्याच्या यादीत ‘गुड’ असं लिहिलेलं दिसलं तर हुरळून जायचं नाही. त्या भाषेत ‘गुड’ म्हणजे बेताचीच अवस्था. पाठीचा कागद गेलेला असला तरी नवल नाही.

ग्रंथालयांनी हे अंक जपले असतील, असं वाटेल. काहींनी जपले. पण बऱ्याच ठिकाणी वर्षाचे अंक एकत्र बांधताना कडा कापल्या आणि मुखपृष्ठं, जाहिरातींची पानं काढून टाकली. ‘घरबसल्या रेडिओ दुरुस्ती शिका’, ‘शरीर कमवा’ या जाहिराती गेल्या, म्हणजे मासिक कोण वाचत होतं त्याचा पुरावाच गेला. मग दुसरं महायुद्ध आलं. कागदाची टंचाई झाली, रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या. ‘अस्टाउंडिंग’ या दुसऱ्या विज्ञानकथा-मासिकाने नोव्हेंबर १९४३पासून आकारच लहान केला. त्याच ‘अस्टाउंडिंग’च्या मार्च १९४४च्या अंकात अणुबाँबची एक कथा आली, इतकी नेमकी की लष्करी गुप्तचर संपादक जॉन कॅम्पबेल यांच्याकडे चौकशीला गेले. कॅम्पबेल यांचं उत्तर साधं होतं : सगळी माहिती आधीच छापून आलेली आहे. तो अंकही आज पिशवीत राहतो.

मग वाचलं ते कसं? पोरांमुळे.

(दृश्य: पुस्तकांनी, मुखवट्यांनी, मासिकांनी छतापर्यंत भरलेलं घर.)

लॉस एंजेलिसचे संग्राहक फॉरेस्ट ॲकरमन यांनी १९२६च्या ऑक्टोबरचा ‘अमेझिंग’ घेतला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्यानंतर टाकलं काहीच नाही. पुढे त्यांचं अठरा खोल्यांचं घर भरलं. सुमारे तीन लाख वस्तू, असं सांगतात. शनिवारी कुणीही यावं, घर उघडं. पण म्हातारपणी आजारपण आलं, कोर्टकचेरीचा खर्च आला आणि तो संग्रह तुकड्या-तुकड्यांनी विकला गेला. ॲकरमन छोट्या बंगलीत राहायला गेले. २००८मध्ये वारले, तेव्हा जवळ थोड्याच गोष्टी उरल्या होत्या. इंग्लंडमध्ये हीच मासिकं वूलवर्थच्या दुकानात ढिगाने, काही पेन्सांना मिळायची. त्या ढिगात हात घालणाऱ्या शाळकरी मुलांत एक होता पुढे विज्ञानकथा-लेखक झालेला आर्थर क्लार्क.

आपल्याकडेही लहानपणी ‘नवल’ मासिकाचे अंक वाचलेली माणसं आहेत. त्यांना विचारा ते अंक कुठे गेले. उत्तर एकच : आईने रद्दीत घातले. अमेरिकन संग्राहकांचंही दुखणं हेच आहे. फरक एवढाच, तिथली आई ते तळघर आवरताना घालते.

आज यातले बरेचसे अंक स्कॅन होऊन संगणकावर वाचता येतात. काही वेळा नीट स्कॅन यावं म्हणून पिना काढून अंक सुटा करावा लागला. एक प्रत मारून सगळ्यांना वाचायला मिळाली. हे बरोबर की चूक, यावर संग्राहक अजून भांडतात. मला विचाराल तर ज्याचं मुखपृष्ठ आधीच गेलंय असा अंक सुटा करावा. धडक्या अंकाला हात लावू नये.

(दृश्य: पुन्हा पहिलं टेबल. दोन हात १९२८चा अंक पिशवीतून काढतात.)

वाचायचं असेल तर अंक पूर्ण उघडायचा नाही. फार तर काटकोनात, पाठीला खालून आधार. पान कोपऱ्याला धरायचं नाही, कडेच्या मध्यावर बोट ठेवून उलटायचं. एवढं करूनही, अंक परत पिशवीत गेला की टेबलावर तपकिरी चुरा उरतोच.

तो समासाचा चुरा आहे. अक्षरांपर्यंत पोचायला अजून अर्धा इंच बाकी आहे.