फेटाळलेला दावा आणि अपिलाचे पहिले पान

(सोलापुरातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो, एवढ्या उन्हात आपण या दोन पंख्यांच्या भरवशावर जमलात, याचा अर्थ निम्म्या सभागृहाचे कोर्टात काहीतरी चालू असावे. वकील न लावता स्वतः चालवलेला भेदभावाचा दावा फेटाळला गेला तर अपील कसे करावे, हा आजचा विषय आहे. त्याबाबत माझा जुना हट्ट असा की, अपील म्हणजे तेच गाऱ्हाणे वरच्या कोर्टात पुन्हा मांडणे नव्हे.

हा हट्ट एका गृहस्थांमुळे जडला. पायाने अधू असलेले हे गृहस्थ एका खासगी आस्थापनेत हिशेबनीस होते. जिना चढता येत नाही म्हणून बढती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी स्वतः वादपत्र लिहून नुकसानभरपाईचा दावा लावला. आणि दाव्यास कारणच दिसत नाही, असे म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 11 खाली ते वादपत्र नामंजूर झाले. माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत 42 पानांचे अपील होते. त्यात साहेबांचे टोमणे होते, जिन्याच्या पायऱ्यांची मोजदाद होती, बुडालेल्या बोनसची हकीकत होती आणि साहेबांच्या मेहुण्याचा उद्धार तर तीन ठिकाणी होता. वाचताना माझे डोळे पाणावले, हे कबूल करतो. परंतु न्यायाधीशांचे नेमके काय चुकले, याविषयी त्यात एक ओळही नव्हती.

चूक तर निकालाच्या तिसऱ्याच पानावर होती. न्यायालयाने प्रतिवादीच्या कैफियतीवर, म्हणजे त्याच्या लेखी उत्तरावर, भिस्त ठेवली होती. वास्तविक या टप्प्यावर केवळ वादपत्रातील कथने पाहावयाची असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सलीम भाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात 2002 सालीच स्पष्ट केले आहे. आमच्या गृहस्थांनी निकाल कितीतरी वेळा वाचला होता, पण अपमान म्हणून वाचला होता. आक्षेपाचे मुद्दे थोडक्यात व वेगवेगळे मांडावेत, युक्तिवाद वा हकीकत नको, असे आदेश 41, नियम 1 सांगतो. 1908 साली संहिता करणाऱ्यांनीही अशी 42 पाने पाहिली असणार.

अमेरिकेत तर जून 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या दोन प्रकरणांत सवलतीची दोन टोके दाखवली. एरिक्सन प्रकरणात, वकिलाविना लिहिलेले कागद उदारपणे वाचावेत, असे म्हटले. बोल्स प्रकरणात मात्र न्यायाधीशांनीच अपिलासाठी 14 ऐवजी चुकून 17 दिवस दिले आणि त्यावर विसंबलेल्याचे अपील मुदतबाह्य ठरले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य विषय घाईने आटोपतो. वादपत्र नामंजूर होणे हा हुकूमनामाच (डिक्री) मानला जातो, म्हणून संहितेच्या कलम 96 खाली अपील होते. मुदत जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. आपल्यासाठी ते ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसते. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला वेळ वजा होतो, तरीही उशीर झालाच तर कारणांसह विलंबमाफीचा अर्ज जोडावा. गैरहजेरीमुळे दावा निकाली निघाला असेल तर अपील नव्हे, त्याच न्यायालयात 30 दिवसांत पुनःस्थापनेचा अर्ज करावा लागतो.

त्या गृहस्थांचे अपील शेवटी दोन पानांत बसले, आदेश रद्द झाला आणि दावा पुन्हा पटलावर आला. तो चालू असल्याने अधिक बोलत नाही. साहेबांचे मेहुणे मात्र आता साक्षीदारांच्या यादीत आहेत.