टॉवरची मान खाली

[दृश्य : कोगनोळी टोलनाका, सकाळ. कागलकडून येणारे ट्रक, एसटी.]

नाका ओलांडला, पाट्यांवर कन्नड अक्षरं आली, तरी खिशातला फोन अजून महाराष्ट्रातच. निपाणीला उतरणारा कुणीतरी म्हणतोच, "अजून तिकडचीच रेंज दाखवतंय की वो!"

इथे दूरसंचाराची दोन परवाना क्षेत्रं एकमेकांना भिडतात : महाराष्ट्र-गोवा आणि कर्नाटक. स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यांचा, लिलाव क्षेत्रवार होतो. त्यामुळे नाक्याच्या अलीकडे एका कंपनीकडे असलेला पट्टा पलीकडे दुसऱ्या कंपनीकडे असू शकतो. लहरी काही नाक्यावर थांबत नाहीत, पलीकडे घुसून गोंधळ घालतात. म्हणून अँटेनाची मान काही अंशांनी खाली करतात, शक्ती आवरती घेतात. हा झुकाव दर वेळी डोळ्यांना दिसेलच असं नाही. बऱ्याच अँटेनांमध्ये तो आतूनच, विजेच्या करामतीनं दिलेला असतो.

[दृश्य : बेळगावातलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ड्रॉवरमध्ये जुने हँडसेट.]

जुन्या जीएसएम या मोबाइल पद्धतीची रीत वाटणीची होती. ९०० मेगाहर्ट्झच्या मूळ पट्ट्यात २०० किलोहर्ट्झचे १२४ वाहक, म्हणजे बोलणं वाहून नेणारे अरुंद पट्टे, प्रत्येकावर वेळेचे ८ तुकडे. शेजारच्या टॉवरला तोच वाहक द्यायचा नाही. भांडण नाही, पण जागाही वाया.

सीडीएमए या दुसऱ्या पद्धतीनं वाटणीच मोडली. सगळे एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर; फक्त प्रत्येकाचा संकेत (कोड) वेगळा. यात एक गोची होती. टॉवरखाली उभ्या माणसाचा फोन इतका जोरात ऐकू येई, की लांबच्या शिवारातला फोन त्याखाली पार दबून जाई. उपाय काय, तर टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगे, आवाज वाढव, कमी कर, कमी कर. लांबचा असो वा जवळचा, टॉवरपाशी सगळ्यांचा आवाज सारखाच पोचला पाहिजे. या अख्ख्या शास्त्रातली सगळ्यात देखणी युक्ती मला हीच वाटते. बॅटरी वाचते, ती वर.

फोर-जीत १५ किलोहर्ट्झ अंतरावरचे बारीक उपवाहक आले. एकाच टॉवरचे ग्राहक आता एकमेकांत घुसत नाहीत. त्रास होतो तो दोन टॉवरांच्या मधल्या पट्ट्यात, कारण शेजारीही तेच उपवाहक वापरतो. मग टॉवर आपसांत निरोप धाडतात : हे तुकडे मी कडेच्या लोकांना देतोय, तू तिथे जरा दमानं घे.

[दृश्य : सौंदत्ती, यल्लम्माचा डोंगर. जत्रा, भंडारा, हजारो फोन हवेत.]

अशा गर्दीसाठी बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेच्या थॉमस मार्झेटा यांनी २०१० साली एक कल्पना मांडली : टॉवरवर अँटेनांची संख्याच भरमसाट वाढवा. फोन आधी ठरलेला एक छोटा संदेश पाठवतो. तो कुठल्या अँटेनाला कसा पोचला, यावरून टॉवर वाट ओळखतो. मग सगळ्या अँटेना अशा जुळवून लहरी सोडतात, की त्या एका फोनपाशी एकमेकींना बळ देतात आणि दुसऱ्यापाशी एकमेकींना खोडतात. फाइव्ह-जीच्या टॉवरवर अशा लहरी सोडणारे ६४ प्रेषक असू शकतात.

दर्शनाच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या दोघांच्या वाटा मात्र बहुधा इतक्या सारख्या, की अँटेनांनाही त्या सुट्या करणं जड जातं. अशांना टॉवर वेगळे उपवाहक देतो, नाहीतर पाळीपाळीनं सोडतो. ही पाळी एखाद्या मिलिसेकंदाची, कधी त्याहूनही कमी.