कोपऱ्यातली सही

(दृश्य: साताऱ्यातली सकाळ. मागे अजिंक्यतारा. पत्र्याच्या बोर्डावर खडूच्या रेघा मारणारा हात.)

माझे वडील पेंटर. अण्णांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार रंगवले. मी आठवीत असताना एका दुकानदारानं त्यांच्याकडून अजिंक्यताऱ्याचं मोठं चित्र करून घेतलं. पावसाळ्यातला किल्ला, माथ्यावर ढग टेकलेला. अकरा दिवस लागले. खाली उजव्या कोपऱ्यात, तांबड्या रंगात, बारीक सही.

दोन वर्षांनी तेच चित्र फ्लेक्सवर आलं. पिशव्यांवर आलं, कॅलेंडरवर आलं. सही तेवढी कापलेली. अण्णा म्हणाले, "जाऊ दे गं. पैसे दिलेत त्यांनी."

पैसे दिले की चित्र कुणाचं होतं? या एका प्रश्नापायी मी आधी चित्रकलेची पदवी घेतली, आणि आता वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

(दृश्य: उघडी वही. डाव्या पानावर पेन्सिलचं रेखाटन, उजव्या पानावर कायद्याची कलमं.)

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात कला-सिद्धांत आणि कायदा अशी जोडपदवी होती, दोन्ही एकत्र शिकायचं. आपल्याकडे वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे, एकाच संस्थेचा एकत्रित अभ्यासक्रम सोडला, तर वकिली शिकताना दुसरी नियमित पदवी चालत नाही. एक संपली की दुसरी. चार आणि तीन, सात वर्षं. म्हणून माझी जोडपदवी या वहीत आहे.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 पहिल्यांदा वाचलं, तेव्हा जीव खट्टू झाला. पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइटचा पहिला मालक चित्र करवून घेणारा. अण्णा म्हणत होते तेच. मग कलम 57 आलं. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी "हे मी केलंय" असं सांगण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. फ्लेक्स छापायला दुकानदार मोकळा होता. सही कापायला नव्हता. त्या रात्री मी ते कलम अण्णांना तीनदा वाचून दाखवलं.

(दृश्य: पेन्सिलनं काढलेलं एक लांबलचक भित्तिशिल्प.)

याच कलमावर शिल्पकार अमरनाथ सहगल केंद्र सरकारशी लढले. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं, सुमारे 140 फूट लांब, पाच वर्षं खपून केलेलं. 1979 मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते उतरवलं आणि गोदामात टाकलं. त्यांना कुणी विचारलंही नाही. आता गंमत बघा, कायदा असंही म्हणतो की काम प्रदर्शनात न ठेवणं हा हक्कभंग नव्हे. मग भित्तिशिल्प भिंतीवरून काढलं म्हणजे नुसतं हलवलं, की मोडलं? ते त्या भिंतीसाठी, त्या लांबीसाठी रचलेलं असतं, तुकडे झाले की रचना उरत नाही. हे कळायला शिल्प वाचता यावं लागतं, आणि इथंच मला माझी चित्रकलेची चार वर्षं कामी येताना दिसतात. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की कलाकृती नष्ट करणं हे तिच्या विद्रूपीकरणाचंच टोक आहे. शिल्पाचे अवशेष सहगलांना परत मिळाले आणि 5 लाख रुपये भरपाई.

(दृश्य: सातारा जिल्ह्यातलं औंध. यमाईच्या डोंगराची वाट, श्री भवानी संग्रहालय.)

मला कला आणि कायदा हे दोन्ही विषय एकाच गावात भेटतात. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. 1938 मध्ये त्यांनी हे संग्रहालय उभं केलं, आणि लगेच 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाची राज्यघटना करून आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. बाळासाहेब 1951 मध्ये गेले. कलाकारामागे 60 वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे 2012 पासून त्यांची चित्रं सगळ्यांची झाली. पलीकडे इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्प आहे. मूर 1986 मध्ये गेला, म्हणजे त्याचा हक्क अजून चालू. तरी आमच्या या फिल्ममध्ये ते दिसतंय, कारण लोकांसाठी खुल्या जागेत कायम ठेवलेली कलाकृती चित्रपटात घ्यायला कलम 52 मुभा देतं. संग्रहालयाची परवानगी घ्यावी लागते, ती वेगळी.

आज अण्णांना सोबत आणलंय. आयुष्यात पहिल्यांदा ते या दालनात आलेत. चित्रकार धुरंधरांच्या तैलचित्रापुढे उभे राहिले, पण चेहरे बघितले नाहीत, कपड्यांच्या चुण्या बघितल्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला, कमरेत वाकले, आणि आधी खालचा कोपरा बघितला.

"आहे गं," म्हणाले. "इथं आहे."