पाच ग्रॅम वाफेचा खर्च

कॉम्प्रेसर हवा दाबतो. तिच्यातली वाफ मात्र तशीच राहते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे १८ ग्रॅम बाष्प असते. ही हवा ७ बारपर्यंत (बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढे एकक) दाबून आफ्टरकूलरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरनंतर हवा थंड करणाऱ्या उपकरणात, ३५ अंशांपर्यंत थंड केली, की त्यातल्या जवळजवळ १३ ग्रॅम बाष्पाचे पाणी होते आणि ते ड्रेनमधून काढून टाकता येते. उरलेले ५ ग्रॅम पुढे जाऊन पाइपलाइन गंजवतात, व्हॉल्व्ह अडकवतात. हवा सुकवणारा ड्रायर लागतो तो या पाच ग्रॅमसाठी.

रेफ्रिजरेशन ड्रायर हवा सुमारे ३ अंशांपर्यंत थंड करतो. त्याहून फार खाली गेल्यास आत बर्फ धरेल, म्हणून तो तिथेच थांबतो. आता पाऊण ग्रॅमच्या आसपास बाष्प उरते, आणि कारखान्यातल्या बहुतेक हत्यारांना व सिलिंडरांना एवढा कोरडेपणा पुरतो.

जिथे उणे ४० अंशांचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी किंवा बर्फ होऊ लागते ते तापमान) खरोखरच हवा असतो, तिथे ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनासारख्या शोषकाचे दोन टॉवर बसवतात. एक हवा सुकवत असतो, तेव्हा दुसऱ्यातला ओलावा काढला जातो. हीटर नसलेल्या ड्रायरमध्ये हे काम सुकवलेलीच हवा करते: क्षमतेच्या साधारण १५ टक्के हवा सायलेन्सरमधून फुसफुसत बाहेर जाते. वीज खर्चून दाबलेली आणि सुकवलेली हवा अशी सोडून द्यावी लागते, हे या यंत्राचे सर्वांत महाग अंग आहे. त्यातही ड्रायर ठरावीक वेळेवर चालणारा असेल, तर मागणी निम्म्यावर आली तरी तो तेवढीच हवा सोडतो, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या ३० टक्के.

दवबिंदूचा सेन्सर शोषक खरोखर ओला होईपर्यंत टॉवर बदलू देत नाही आणि ही गळती कमी करतो. ब्लोअर आणि हीटर वापरल्यास ती बरीच घटते. तेलविरहित कॉम्प्रेसरमध्ये तर दाबल्यामुळे तापलेली हवाच शोषक सुकवण्यासाठी वापरता येते. एरवी ती उष्णता थंड पाण्यात वाया जाते.

मात्र मोठा ड्रायर मागवण्याआधी आफ्टरकूलर साफ आहे का, ते पाहावे. ड्रायरमध्ये शिरणारी हवा ३५ऐवजी ४५ अंशांची असेल, तर तिच्यासोबत सुमारे ६५ टक्के जास्त बाष्प येते.