थंड असताना की तापल्यावर? जुन्या संगणकाच्या दुखण्याचे निदान

श्रोतेहो, टेबलावर ठेवलेला हा संगणक माझ्या घरचा असून तो १४ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी तो काम चालू असतानाच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला, तेव्हा मी आधी विंडोज नव्याने टाकले, मग रॅमची नवी पट्टी आणली आणि दोन्ही खटाटोप वाया गेल्यावर एसएमपीएसकडे, म्हणजे भिंतीतील वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणाऱ्या डब्याकडे, वळलो. दोष तिथेच होता. लक्षण एका भागात दिसावे आणि बिघाड दुसऱ्याच भागात असावा, हे जुन्या यंत्रात नेहमीचेच आहे. म्हणून सुटे भाग बदलत सुटण्यापूर्वी मी आता एकच प्रश्न विचारतो : हा थंड असताना रुसतो की तापल्यावर?

सकाळी बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबतो, तीन-चार प्रयत्नांनंतर संगणक सुरू होतो आणि मग दिवसभर काही तक्रार नसते, असे असेल तर संशय प्रथम कपॅसिटरवर, म्हणजे वीज क्षणभर साठवून तिचा पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डबीवर, घ्यावा. एसएमपीएसमधील आणि मदरबोर्डवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांत द्रव इलेक्ट्रोलाइट असतो. तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटत जातो आणि तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. आटलेला कपॅसिटर थंड असताना आणखी निकामी ठरतो आणि जरा ऊब मिळाली की कसाबसा काम निभावतो. ‘जुन्या गाडीसारखा गरम व्हावा लागतो’ असे हसून आपण जे सोडून देतो, ते खरे तर बिघाडाचे पहिले लक्षण असते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनीही तपासता येतात : त्यांचा माथा सपाट असावा, तो फुगलेला किंवा त्यावर तपकिरी ओघळ असू नये. २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे असंख्य मदरबोर्ड असे अकाली गेले.

येथे व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर फसवू शकतो, हे आवर्जून सांगतो. १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले, तर ते मानकात बसते. परंतु मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्या सरासरीभोवतीची वेगवान थरथर दाखवत नाही, आणि प्रोसेसर गडबडतो तो बहुधा त्या थरथरीने. माझ्या एसएमपीएसचे आकडे अगदी चोख होते. घरगुती निदानाचा खात्रीचा मार्ग म्हणजे चांगला चालत असलेला, पुरेशा क्षमतेचा दुसरा एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे. जुना मात्र उघडू नये : त्याच्या आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतात.

सुरुवातीला ठीक चालून वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या यंत्राचे कारण त्या मानाने सोपे असते. प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांमध्ये धुळीची गादी बसलेली असते, पंखा अडखळतो किंवा प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांकडे नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळून तिचे पापुद्रे झालेले असतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, एवढे पथ्य पाळले की पुरे.

थंड आणि तापलेला या दोन्ही अवस्थांत सारखाच त्रास देणाऱ्या यंत्रात सांधे पाहावेत. कोकणात चार महिन्यांच्या दमट हवेनंतर रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळाचा थर धरतो, पडदा काळाच राहतो आणि कॅबिनेटमधून बीप ऐकू येतात. प्लग काढून पट्टी बाहेर घ्यावी, पांढऱ्या खोडरबराने हलके पुसावी आणि कण झटकून पुन्हा घट्ट बसवावी. हार्ड डिस्कचा संशय असेल तर मात्र आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे घ्यावी, तपासणी नंतर. कारण कण्हणारी डिस्क तपासणीच्या ताणानेच दगावू शकते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांमध्ये पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा वाढत असेल, तर डिस्कचा भरवसा संपला. सीआरसी त्रुटींचा, म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डेटा केबलचा असतो आणि चांगली डिस्क उगाच भंगारात जाते.

घड्याळ दरवेळी मागच्या एखाद्या वर्षावर जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी बदलावी. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो आणि घरातील मंडळी इंटरनेट कंपनीला दूषणे देत बसतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो बहुधा संगणकाचा दोष नसतो. एसएमपीएसमधील फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात आणि भिंतीतील अर्थिंग तुटलेले असेल, तर त्या धातूवर सुमारे ११५ व्होल्टपर्यंत दाब येतो. प्रवाह अगदी अल्प असतो, तरी अशा वेळी पाना-पेचकस खाली ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. कारण तुटलेल्या अर्थिंगचा खरा धोका त्याच भिंतीवरच्या गिझरपासून आणि धुलाई यंत्रापासून असतो.

आता या कॅबिनेटचे झाकण काढतो. पुढच्या रांगेतील मंडळींनी जवळ यावे. मदरबोर्डच्या कडेला, प्रोसेसरपाशी जे पाच कपॅसिटर ओळीने उभे आहेत, त्यांतील एकाचा माथा उरलेल्या चौघांसारखा नाही.