फीडर थांबतो कुठे? सपाट विणाई यंत्रातल्या ब्रेकविषयी

मंडळी, स्वेटर घेताना आपण रंग बघतो, लोकर हाताला कशी लागते ते बघतो. पुढच्या वेळी आणखी एक करा. स्वेटर उलटा करा आणि जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो, त्या रेषेवरून बोट फिरवा. मध्येच एखादा टाका सैल, फुगलेला लागला, तर सुईला किंवा सुताला लगेच दोष देऊ नका. पुष्कळदा त्याचं कारण एवढंच असतं की सूत वाहून नेणारा फीडर हवा तिथे थांबला नाही. आज मी त्या थांबण्याविषयीच बोलणार आहे. विणाईच्या पुस्तकांत सुया, कॅम आणि टाक्यांचे प्रकार यांवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, फीडरच्या ब्रेकला मात्र जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो. मला हे बरोबर वाटत नाही, आणि का ते सांगतो.

यंत्राची रचना आधी थोडक्यात. सपाट विणाई यंत्रात सुयांचे दोन पाट उलट्या व्हीसारखे एकमेकांना टेकलेले असतात. त्यांच्यावरून कॅरेज डावी-उजवीकडे फिरते. तिच्या पोटात कॅम असतात, ते सुयांना वर काढतात आणि खाली ओढतात. वर आलेल्या सुईच्या हुकात सूत देण्याचं काम फीडरचं. हे फीडर कॅरेजच्या वर आडव्या बसवलेल्या रेलवर सरकतात. बहुतेक यंत्रांत अशा चार रेल असतात आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना फीडर चालतात. साध्या यंत्रात फीडरला स्वतःची चाल नसते. कॅरेजवरचा प्लंजर, म्हणजे खाली-वर होणारी खुंटी, खाली येतो, फीडरच्या खाचेत बसतो आणि त्याला सोबत ओढत नेतो. शेवटची सुई मागे पडली की प्लंजर वर उचलला जातो. कॅरेजला अजून पुढे जायचं असतं, कारण तिचे सगळे कॅम कापडाच्या बाहेर निघायला हवेत. फीडरला मात्र तिथेच, कडेच्या जरासं पुढे, उभं राहायचं असतं.

पण प्लंजर सुटला त्या क्षणी फीडर कॅरेजच्याच वेगाने धावत असतो. त्याला कोणी अडवलं नाही तर तो पुढे जातच राहणार.

अमेरिकेत आयझॅक लॅम्ब यांनी १८६३ मध्ये या प्रकारच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर स्वित्झर्लंडच्या दुबिए यांनी ते युरोपात बनवायला घेतलं, तेव्हा हा प्रश्न फारसा टोचत नव्हता. कॅरेज हाताने ओढायची. विणणारा माणूस कडेजवळ आला की हात आपसूक हलका करायचा. फीडरला रेलशी दाबून धरणारी एक पट्टीची स्प्रिंग आणि रेलवर स्क्रूने आवळलेला, उताराचा एक स्टॉपर, एवढ्यावर भागायचं. प्लंजर त्या उतारावर चढून सुटायचा आणि फीडर स्टॉपरला टेकून थांबायचा. हाताच्या यंत्रावर हे तत्त्व अजूनही चालतं आणि उत्तम चालतं, कारण खरा ब्रेक माणसाच्या मनगटात असतो.

मोटर आली आणि मनगट गेलं. आता आकडे बघू. समजा फीडर, त्याची सरकपेटी धरून, १०० ग्रॅमचा आहे आणि कॅरेजचा वेग सेकंदाला १ मीटर आहे. फीडरमधली गतिज ऊर्जा भरते ०.०५ ज्यूल, म्हणजे अगदी किरकोळ. ब्रेकने ५ न्यूटन बल लावलं, साधारण अर्धा किलो वजनाच्या दाबाइतकं, तर फीडर १० मिलिमीटरमध्ये थांबतो आणि त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. १२ गेजच्या यंत्रावर, म्हणजे इंचाला १२ सुया असताना, दोन सुयांमधलं अंतर सुमारे २.१ मिलिमीटर असतं. थांबायला जवळजवळ ५ सुयांची जागा गेली. आता वेग १.६ मीटर करा, आजच्या वेगवान यंत्रांवर तो गाठला जातो. तोच फीडर, तोच ब्रेक, पण अंतर झालं २५.६ मिलिमीटर, म्हणजे १२ सुया. अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं हे आपण शाळेत शिकलो. विणाईच्या शेडमध्ये ते कापडाच्या कडेवर दिसतं.

सूत फीडरला अडवेल असं कोणाला वाटेल. तसं होत नाही. सुतातला ताण काही ग्रॅमांचा, आणि लागतो अर्धा किलोचा दाब. शिवाय सुताने फीडर अडवावा अशी वेळ आली तर सूतच तुटेल.

मग स्प्रिंग घट्ट का करू नये? तिथे दुसरी अडचण येते. घर्षणाचा ब्रेक कायम लागलेला राहिला तर तो थांबताना लागतो तसाच ओढतानाही लागतो. मीटरभर रुंदीचं कापड विणताना ५ न्यूटनचं घर्षण प्रत्येक फेरीत ५ ज्यूल खातं. थांबवायला लागणारी ऊर्जा ०.०५ ज्यूल. म्हणजे थांबवण्याच्या कामाच्या शंभरपट काम आपण नुसतं घासण्यात घालवतो, आणि ते फक्त एका फीडरसाठी. ते जातं कुठे? रेल झिजते, ब्रेकचा गुटका झिजतो, प्लंजरचं टोक आणि फीडरची खाच झिजते. खाच झिजली की फीडर कॅरेजच्या मागे किंचित रेंगाळतो, आणि सुईला सूत मिळण्याची वेळ चुकते.

म्हणून चांगल्या यंत्रात ब्रेक आणि प्लंजर एकमेकांना जोडलेले असतात. फीडरच्या पेटीत स्प्रिंगने दाबलेला एक गुटका रेलवर टेकलेला असतो. प्लंजर खाचेत उतरतो तेव्हा तो आधी एक लहानसा तरफदांडा दाबतो, त्याने गुटका रेलपासून सुटतो आणि मग फीडर मोकळेपणाने ओढला जातो. प्लंजर उचलला की स्प्रिंग गुटका पुन्हा रेलवर बसवते. यातला क्रम फार महत्त्वाचा आहे. उभ्या फीडरला धावती कॅरेज पकडते तेव्हा झटका बसतोच, आणि त्या वेळी ब्रेक सुटलेला नसेल तर झटका दुप्पट जाणवतो. कॅश्मीर किंवा लॅम्ब्सवूलसारखं कमी पिळाचं सूत तेवढ्याने तुटू शकतं. सुटताना क्रम उलटा. प्लंजर पूर्ण बाहेर पडायच्या आत गुटका बसला तर प्लंजर ब्रेकशी झगडतो आणि फीडर कधी इथे, कधी तिथे थांबतो.

इचलकरंजीत किंवा मालेगावात यंत्रमागावर काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आडवं सूत, म्हणजे बाणा, नेणारा धोटा एका बाजूने मारला की दुसऱ्या बाजूच्या बॉक्समध्ये त्याला थांबवावं लागतं. बॉक्सच्या भिंतीतला स्वेल त्याला दाबून त्याचा वेग खातो. दाब कमी पडला तर धोटा पिकरवर, म्हणजे त्याला फटका देणाऱ्या तुकड्यावर, आपटून मागे उसळतो, बाणा सैल पडतो आणि पुढचा फटका चुकतो. फीडरचंही तसंच आहे. नुसत्या कडक स्टॉपरवर आपटवून थांबवला तर तो उलट उसळतो आणि कडेच्या सुयांवर येऊन उभा राहतो. फरक इतकाच की धोट्याला थांबायची जागा एकच असते. फीडरला दर ओळीत नवी जागा मिळू शकते.

ती जागा कुठली, हा खरा प्रश्न. फीडर कडेच्या आतच थांबला तर शेवटच्या सुईला सूत मिळत नाही, टाका सुटतो, आणि सुटलेला टाका खालपर्यंत उसवत जातो. म्हणून कडेच्या पुढे जाणं भाग आहे. पण फार पुढे गेला तर काय होतं ते नीट बघा. सूत यंत्राच्या एका बाजूच्या ताणकाट्यावरून, म्हणजे सुताचा ताण सांभाळणाऱ्या स्प्रिंगच्या काट्यावरून, येतं, फीडरमधून जातं आणि कडेच्या टाक्यात अडकतं. समजा ताणकाटा डावीकडे आहे. फीडर उजव्या कडेच्या पुढे २० मिलिमीटर गेला, तर ताणकाट्यापासून फीडरपर्यंतचं सूत २० मिलिमीटरने वाढलं, आणि फीडरपासून कडेपर्यंतचंही तेवढंच वाढलं. म्हणजे ४० मिलिमीटर सूत जास्तीचं ओढलं गेलं. परतताना ते सगळं सैल पडतं आणि ताणकाट्याच्या स्प्रिंगला झटकन मागे खेचावं लागतं. तिला जमलं नाही तर ते सूत कडेच्या टाक्यात जाऊन बसतं. आता डावीकडची कड घ्या. तिथे फीडर २० मिलिमीटर पुढे गेला की एका बाजूचं सूत २० ने वाढतं आणि दुसऱ्या बाजूचं २० ने कमी होतं. हिशोब शून्य. बाकी सगळं सारखं असताना कापडाची एकच कड सैल येत असेल, तर आधी बघा सूत कोणत्या बाजूने येतंय. कारागीर अशा वेळी टाक्याची लांबी बदलत बसतात, त्याने मधलं चांगलं कापडही बिघडतं.

आता माझं मुख्य म्हणणं. ब्रेक किती लवकर थांबवतो यावर त्याची पारख करू नका. तो दर वेळी तेवढ्याच अंतरात थांबवतो का, ते बघा. संगणकावर चालणाऱ्या यंत्रात प्लंजर कुठे उचलायचा हे आपल्या हातात असतं. एखादा फीडर दर वेळी बरोबर २० मिलिमीटर सरकत असेल तर प्लंजर तेवढा आधी सोडता येतो. शेवटच्या सुया फीडर आपल्या वेगाच्या जोरावर भरतो आणि कडेच्या जरा पुढे उभा राहतो. पण जो फीडर कधी ८ मिलिमीटरमध्ये थांबतो आणि कधी १६ मध्ये, त्याच्यासाठी कुठलाच आकडा भरता येत नाही. लवकर सोडावा तर टाका सुटतो, उशिरा सोडावा तर कड सैल. सरासरी अंतर कमी असूनही हा ब्रेक पहिल्यापेक्षा वाईट. विजेवर चालणाऱ्या प्लंजरला उचलायला लागणारा वेळही यातच येतो. सेकंदाला १ मीटर वेग असताना एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे १ मिलिमीटर. ती चूक कायम तेवढीच असेल तर चालते.

आणि सातत्य बिघडवणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात. पहिली लोकरीची उड, म्हणजे सुटे बारीक तंतू. ती रेलवर बसते, गुटक्याखाली दाबली जाते आणि तिची गादी तयार होते. दुसरी तेल. सुयांच्या पाटाला तेल हवं, ब्रेक लागणाऱ्या रेलला नको. पण तेलाची बाटली हातात असली की सरकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला थेंब देण्याचा मोह होतो. रेलवर तेल गेलं की घर्षणांक ०.३ वरून ०.१ वर येऊ शकतो. तसं झालं तर थांबण्याचं अंतर तिप्पट. एका फीडरची रेल तेलकट आणि शेजारची कोरडी असेल तर एकाच कापडात एका रंगाची कड चांगली आणि दुसऱ्याची सैल येते, आणि दोष सुतावर जातो.

साध्या कापडात हे सगळं खपून जायचं, कारण कडा शिवणीत जायच्या. दोन प्रकारच्या कामांनी ती सोय काढून घेतली. पहिलं इंटार्शिया, म्हणजे एकाच ओळीत प्रत्येक रंगाचा आपापला तुकडा, आपापल्या फीडरने विणलेला. इथे फीडर कापडाच्या बाहेर थांबत नाही, तुकड्याच्या कडेला, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत थांबतो. १२ गेजवर ४० सुयांचा तुकडा जेमतेम ८५ मिलिमीटरचा. त्यात २५ मिलिमीटरची घसरण कशी परवडणार? शिवाय उभा फीडर पुढच्या रंगाच्या वाटेत येतो. मग त्याला बाजूला सारायला कॅरेजला जास्तीची हालचाल करावी लागते, किंवा बाजूला कलणारे फीडर वापरावे लागतात. दुसरं काम अखंड कपड्याचं. शिमा सेकी या जपानी कंपनीने १९९५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात शिवणीविना अख्खा कपडा विणणारं यंत्र मांडलं. त्यात सूत पुढच्या पाटावर एका दिशेने जातं आणि मागच्या पाटावर परत येतं. वळणावरचा सैलपणा लपवायला शिवण नाही, तो बगलेखाली उभ्या रेघेसारखा दिसतो. २०१२ मध्ये विणलेल्या वरच्या भागाचे धावण्याचे बूट बाजारात आले. त्यात तर काही सुयांच्या पट्ट्यात सूत बदलतं.

अशा कामांसाठी यंत्रं बनवणाऱ्यांनी शेवटी फीडरलाच मोटर दिली. जर्मनीच्या श्टोल कंपनीने प्रत्येक फीडर स्वतंत्रपणे चालवणारी यंत्रं आणली. शिमा सेकीचीही मोटरवर चालणाऱ्या फीडरची यंत्रं आहेत. इथे प्लंजर नाही आणि रेलवर घासणारा गुटकाही नाही. मोटरच वेग कमी करत आणते आणि फीडर सांगितलेल्या सुईपाशी उभा करते. कॅरेज दुसरीकडे असतानाही फीडर बाजूला होऊ शकतो, त्यामुळे रिकाम्या फेऱ्या वाचतात. तंत्र म्हणून हे मला मनापासून आवडतं. पण प्रत्येक फीडरमागे मोटर, पट्टा आणि नियंत्रण आलं, आणि किंमतही त्याच हिशोबाने आली. साधे स्वेटर विणणाऱ्या लहान कारखान्याला ती पेलणं कठीण. घर्षणाच्या ब्रेकवरची यंत्रं अजून बरीच वर्षं चालणार आहेत, म्हणून ती नीट ठेवणं आपल्याला आलंच पाहिजे.

त्यासाठी एक चाचणी सांगतो. कुठलंही महागडं साधन लागत नाही. रेल कोरड्या सुती फडक्याने पुसा. सूत न ओवता एकच फीडर लावा आणि प्लंजर सोडण्याची जागा बदलू नका. कॅरेज हळू, मध्यम आणि पूर्ण वेगाने चालवा. प्रत्येक वेगाला दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा फीडर कुठे उभा राहिला ते सुयांच्या पाटावर बघून सुई-क्रमांकात लिहा. वेगागणिक आकडा सरकला तर घाबरू नका, ते व्हायचंच, आणि त्याची दुरुस्ती यंत्राच्या सेटिंगमध्ये करता येते. त्याच वेगाला, त्याच बाजूला आकडे दोन सुयांपेक्षा जास्त पसरले तर आधी गुटका बघा, मग स्प्रिंग, मग प्लंजरचं टोक. आणि डावी-उजवीकडचे आकडे वेगळे आले तर फीडरची पेटी रेलवर तिरकी बसली आहे का ते पाहा. प्रत्येक फीडरची अशी नोंद यंत्राजवळच्या वहीत ठेवा. तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.