समुद्रतळाचा गाळ आणि एक क्लोरीन

[पडद्यावर अंधार. पाणबुडीच्या दिव्यात करडा, मऊ गाळ दिसू लागतो.]

पॅसिफिक महासागरातली मारियाना गर्ता. चॅलेंजर डीप. खोली 10,898 मीटर.

1998 मध्ये 'काइको' ही जपानची मानवरहित पाणबुडी इथे उतरली आणि तळाचा थोडा गाळ घेऊन वर आली. इथे उजेडाचा किरणही पोचत नाही. पाणी गोठायच्या जेमतेम वर. आणि दाब आपल्या डोक्यावरच्या हवेच्या हजारपटीहून जास्त.

या गाळातून एक जिवाणू वेगळा काढला गेला. 2006 मध्ये त्याचं बारसं झालं, 'डर्माकॉकस अबिस्सी'. 2010 मध्ये त्याने तयार केलेल्या काही नव्या रेणूंचं वर्णन प्रसिद्ध झालं. नाव डर्माकोझिन. त्यांतल्या काहींनी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली.

पण कुठे? काचेच्या ताटलीत. ताटलीतल्या पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात, ब्लीचनेही मरतात. 'समुद्रात सापडलं कर्करोगावरचं औषध' अशा बातम्यांचा उगम बहुतेक वेळा याच ताटलीत असतो. खरा प्रवास त्यानंतरचा. तो बराच लांबवर केलेल्या एका रेणूची ही गोष्ट.

[बहामाज बेटांभोवतीचं निळं पाणी.]

विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन हे कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ. मातीतल्या ॲक्टिनोमायसीट जिवाणूंनी जगाला स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविकं दिली होती. मात्र माती उकरून तेच ते रेणू पुन्हा पुन्हा हाती येऊ लागले. मग समुद्राचा तळ का नको? असे जिवाणू तिथे असतील तर ते जमिनीवरूनच वाहून आलेले, असा तेव्हा बऱ्याच जणांचा समज होता.

बहामाजजवळच्या गाळात त्यांना जो जिवाणू मिळाला, तो समुद्राच्या पाण्याशिवाय वाढायलाच तयार नव्हता. म्हणजे पक्का समुद्राचाच. 'सॅलिनिस्पोरा'. पहिले नमुने फार खोलातले नव्हते, पण पुढे याच कुळातले जिवाणू हजार मीटरपेक्षा खोल गाळातही सापडले.

2003 मध्ये त्याचा रेणू जाहीर झाला. सॅलिनोस्पोरामाइड ए.

[ॲनिमेशन: पेशीच्या आत.]

आपल्या प्रत्येक पेशीत प्रोटिअसोम नावाची यंत्रणा असते. निकामी झालेली प्रथिनं कापून तुकडे करणं हे तिचं काम. ती बंद पडली की मोडकी प्रथिनं साचत जातात आणि पेशी मरते. काही कर्करोगांच्या पेशी प्रथिनं भराभर बनवतात, त्यामुळे त्यांना हा फटका आधी बसतो.

सॅलिनोस्पोरामाइड या यंत्रणेच्या खाचेत जाऊन बसतो. त्याच्या अंगावर क्लोरीनचा एकच अणू असतो, अन् तो समुद्राच्या खारट पाण्यातून आलेला. आत शिरल्यावर हा अणू गळून पडतो आणि रेणू तिथे कायमचा अडकतो. क्लोरीन नसलेला त्याचा भाऊबंद कितीतरी दुबळा ठरतो.

मग जिवाणू स्वतःच्याच विषाने कसा मरत नाही? प्रोटिअसोम तर त्यालाही आहे. तर त्याने एका भागाची वेगळी, विषाला दाद न देणारी प्रत बाळगली आहे. तिचं जनुक विष बनवणाऱ्या जनुकांच्या घोळक्यातच बसलेलं आहे. मला विचाराल तर या साऱ्या संशोधनातला सर्वांत देखणा भाग हाच.

औषध म्हणून याचं नाव मॅरिझोमिब. उत्पादनातली अडचण साधीच होती. खारट पाण्याने स्टीलच्या टाक्या गंजतात, म्हणून सोडियम कमी असलेलं द्रावण शोधावं लागलं.

रक्तातून मेंदूत शिरू शकतो, हा या रेणूचा मोठा गुण. म्हणून ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर त्याची मोठी चाचणी झाली. रुग्ण सुमारे 750. नेहमीच्या उपचारांना मॅरिझोमिबची जोड दिली, तरी रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. दुष्परिणाम मात्र वाढले. तोल जाणं, भास होणं.

[प्रयोगशाळा. संगणकावर जनुकांची रांग.]

सॅलिनिस्पोराचा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण संच, 2007 मध्ये वाचला गेला. त्याचा जवळपास दहावा हिस्सा असली रसायनं बनवण्यासाठीच राखलेला निघाला. त्यातली बरीचशी रसायनं तोवर कोणी पाहिलीही नव्हती. कारण प्रयोगशाळेत ही जनुकं पुष्कळदा गप्प असतात.

त्यांना बोलतं करण्याची एक रीत म्हणजे जनुकांचा तो गट उचलून सवयीच्या, सहज वाढणाऱ्या जिवाणूत ठेवायचा. 2014 मध्ये समुद्री गाळातल्या एका जिवाणूचा असा गप्प गट स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूत नेला गेला, त्याला दाबून ठेवणारं जनुक काढून टाकलं गेलं आणि टॅरोमायसिन तयार झालं. हे प्रतिजैविक डॅप्टोमायसिनचं जवळचं नातेवाईक. आणि डॅप्टोमायसिन आजही स्टॅफिलोकॉकस या हट्टी जिवाणूच्या संसर्गावर रुग्णालयांत वापरलं जातं.